पेशंटबरोबर कोण आहे?

रुग्णालय सरकारी असो की खासगी, तपासणीच्या खोलीबाहेर एक प्रश्न हमखास कानावर येतो : पेशंटबरोबर कोण आहे? विचारणारी परिचारिका घाईत असते, तिला फक्त कागद कोणाच्या हातात द्यायचा एवढेच हवे असते. आपली आरोग्यव्यवस्था मात्र बरीचशी या प्रश्नाच्या उत्तरावर चालते. बरोबर कोणीतरी असणार, ते नंबर लावणार, डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवणार, खाली जाऊन औषधे आणणार, रिपोर्ट घ्यायला पुन्हा येणार, हे धरूनच ओपीडीच्या वेळा ठरतात आणि पुढची तारीख दिली जाते. हे ‘कोणीतरी’ बहुतेक घरांत नोकरी करणारी आई किंवा बाप असतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांना दुसरीकडे हजेरी लावायची असते. उपचारांच्या खर्चावर आपल्याकडे बरेच बोलले जाते, ते बोलले जायलाच हवे. पण उपचारांना घरातल्या कमावत्या माणसाचा जो वेळ लागतो, त्याचा हिशेब ना आरोग्य खाते ठेवते, ना कामगार खाते. तो ठेवला जात नाही तोवर विम्याची कार्डे वाटूनही अनेक घरांतली दुखणी अंगावरच काढली जातील.

सोबत लागते ती केवळ धीरासाठी नाही. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. थेंब घातले की डोळे मिटून बाकावर बसायचे. थोड्या वेळाने कोणीतरी टॉर्च मारून बघते आणि बाहुली पुरेशी मोठी झाली नसेल तर पुन्हा थेंब पडतात. प्रत्यक्ष तपासणी काही मिनिटांची. त्यानंतर पुढचे काही तास जवळचे अक्षर दिसत नाही, उन्हाकडे बघवत नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला या अवस्थेत ‘रिक्षा करून घरी जा’ म्हणता येत नाही. रक्तातल्या साखरेची साधी तपासणी घ्या. उपाशीपोटी रक्त द्यायचे, मग खायचे, त्यानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. पहिली फेरी आठला झाली तरी दुसरी साडेदहाच्या आत होत नाही. रिपोर्ट संध्याकाळी, आणि तो डॉक्टरांना दाखवायचा तर दुसरा दिवस उजाडतो. एका तपासणीचे तीन हेलपाटे होतात. डायलिसिसवरच्या रुग्णाच्या घरी तर हे आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी चार-चार तास, वर्षानुवर्षे चालते.

आता एक घर कल्पून पाहू. डोंबिवलीत राहणारे, ठाण्याला आणि अंधेरीला कामाला जाणारे जोडपे. मोठी मुलगी दुसरीत, धाकटा दीड वर्षाचा. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब, सासूबाईंचा मोतीबिंदू काढायचा आहे, बाईंची आई साताऱ्याला एकटी. यात कोणालाही गंभीर आजार नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता अर्ध्या तासाच्या आत होते, त्याच दिवशी घरी सोडतात. पण आधी तपासणी, भिंगाचे माप, रक्त आणि ईसीजी, फिजिशियनचे ‘फिटनेस’. मग शस्त्रक्रियेचा दिवस, दुसऱ्या दिवशीची तपासणी, आठवड्याने एक, महिन्याने चष्म्याच्या नंबरासाठी एक. दुसरा डोळा असेल तर यातले बरेचसे पुन्हा. सासऱ्यांची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी ठरलेली. धाकट्याच्या लशी राष्ट्रीय वेळापत्रकानुसार ६, १० आणि १४ आठवड्यांना झाल्या, नवव्या महिन्यानंतर गोवरची झाली, आता १६ ते २४ महिन्यांमधले बूस्टर आले; लस दिली की रात्री ताप, आणि तापातले मूल पाळणाघर घेत नाही. मुलीच्या शाळेचाही तोच नियम.

या सगळ्याला रजा किती? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा मिळते, तीही तिमाहीच्या हप्त्यांनी जमा होते आणि वर्षअखेर उरली तर बुडते. त्याखेरीज २० दिवस कामामागे एक अशी भरपगारी रजा आहे, पण ती आगाऊ मंजूर करून घ्यावी लागते. पहाटे चारला चढलेला ताप आगाऊ अर्ज करत नाही. म्हणजे एका डोळ्याच्या मोतीबिंदूतच नैमित्तिक रजेचा मोठा वाटा खर्ची पडतो आणि वर्ष अजून बाकी असते.

दिवसांच्या बेरजेपेक्षाही जड जाते ती तारखांची टक्कर. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेची तारीख महिनाभर आधी मिळालेली असते आणि त्याच सकाळी धाकट्याला उलट्या सुरू होतात. तारीख सोडली तर पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि रक्त-ईसीजीचे रिपोर्ट जुने झाले म्हणून पुन्हा तपासण्या. मग कोणी एक दुखणे मागे ढकलले जाते. ते बहुधा सर्वांत कमी बोलणाऱ्याचे असते : साताऱ्याच्या आईचे, किंवा ही सगळी धावपळ करणाऱ्या बाईचे स्वतःचे. तिचा थायरॉईड तपासायचा राहतो, दात भरायचा राहतो, गाठीसारखे काही हाताला लागले तरी ‘मुलांच्या परीक्षा होऊ दे’ म्हणून महिने जातात. आजार लवकर ओळखा, असे सांगणारी जाहिरात तिने वाचलेली असते. त्यासाठीचा दिवस तिच्याकडे नसतो.

या कामात कौशल्यही लागते, हे सहसा कोणी मानत नाही. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या आधी निदान अर्धा तास. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. मधुमेहाची एक गोळी जेवणाआधी, दुसरी जेवणाबरोबर. मोतीबिंदूनंतरचे थेंब पहिल्या आठवड्यात दिवसातून अनेकदा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत महिनाभर किंवा अधिक, आणि दोन थेंबांमध्ये पाच मिनिटांचे अंतर. घरात दोन मुले असतील तर तापाच्या औषधाच्या दोन बाटल्या असतात. एकीत ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, दुसरीत २५०. खोके जवळपास सारखेच. रात्री अडीचला, झोपेत, चुकीची बाटली हाताला लागली तर मात्रा दुपटीवर जाते. हृदयाच्या डॉक्टरांनी एका नावाने आणि नेहमीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने दिलेल्या दोन गोळ्यांत एकच द्रव्य आहे, हेही बहुतेक वेळा घरातल्याच कोणाच्या तरी लक्षात येते, कारण सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारे दुसरे कोणी नसते. प्रत्येक तज्ज्ञ आपापला अवयव पाहतो. संपूर्ण माणूस पाहण्याचे काम, ऑफिसला जाताना लोकलमध्ये उभ्याने फोनवर रिपोर्ट चाळणाऱ्या सुनेकडे किंवा मुलाकडे आलेले असते.

सुनेकडे अधिक, हे आकड्यांतही दिसते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कोणाची ना कोणाची काळजी घेण्याच्या कामात होत्या, तर पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. हे काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी १४० मिनिटे वेळ त्यात गेला, पुरुषांचा ७४ मिनिटे. स्वयंपाक, धुणीभांडी यांची मिनिटे यात धरलेली नाहीत. यावर ‘पुरुषांनी मदत करावी’ असे म्हणण्याची पद्धत आहे. पण मदत करणारा सांगितलेले काम करतो. काय करायचे, कधी करायचे आणि राहिले तर काय होईल, याची जबाबदारी सांगणाऱ्याकडेच राहते. नवऱ्याने सासऱ्यांना दवाखान्यात नेऊन आणले, पण फाईल कोठे आहे, कोणत्या गोळ्या संपत आल्या आहेत आणि मागच्या वेळी डॉक्टरांनी काय बदलले हे त्याला बायकोला फोन करून विचारावे लागत असेल, तर तिची सुटका झालेली नाही. वडिलांचे दुखणे पूर्णपणे मुलाकडे, मुलांच्या लशी आणि बालरोगतज्ज्ञ पत्नीकडे, गावाकडच्या आईचे औषधपाणी फोनवरून आणि पैशाने भावाकडे, अशी माणसागणिक वाटणी केली तरच ओझे हलते. परदेशातल्या मुलाने पैसे पाठवायचे आणि पुण्यातल्या मुलीने हेलपाटे घालायचे, ही आता कित्येक मध्यमवर्गीय घरांतली रीत झाली आहे. तीत पैसे मोजले जातात, हेलपाटे मोजले जात नाहीत.

घरातली वाटणी घराने करायची, हे मान्य. पण घराला जी चौकट मिळते ती कायदा आणि धोरण ठरवतात, आणि तिथे एक मोठी विसंगती आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याने वैद्यकीय देखभाल आणि उपचार हा निर्वाहाचाच भाग मानला आहे. वृद्धांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षाही त्यात आहे. कर्तव्य असे स्पष्ट सांगितले आहे. ते पार पाडायला लागणाऱ्या वेळेची तरतूद खासगी नोकरदारासाठी कोठेच नाही. राज्य कामगार विमा योजनेचेच पाहा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या अवलंबून आई-वडिलांवर आणि मुलांवर या योजनेत उपचार होतात, ही मोलाची गोष्ट आहे. कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभही मिळतो. मात्र आईला भरती करून तिच्या उशाशी बसावे लागले, तर त्या दिवसांचे काहीही नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी भरपगारी रजेसाठी लागणारे कामाचे दिवस २४० वरून १८० वर आणले. कुटुंबीयांच्या आजारपणासाठीची वेगळी रजा त्यांतही नाही.

सरकारी नोकरांची स्थिती बरी, पण तिथल्या नियमांतही एक समजूत मुरलेली आहे. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये १८० दिवसांची दिली. पुरुषाला केंद्रात ती एकल पालक असेल तरच, आणि राज्यात पत्नी हयात नसेल किंवा असाध्य दुखण्याने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. म्हणजे मुलाचे आजारपण हे आईचे काम, असे रजेचा नियमच सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीतला स्त्रियांचा सहभाग ही सवलत नसून संविधानाने दिलेला हक्क असल्याचे सांगून, दिव्यांग मुलांच्या मातांच्या रजेबाबत धोरणाचा फेरविचार करायला सांगितले होते. वृद्ध आई-वडिलांसाठी मात्र केंद्रातही स्वतंत्र रजा नाही. जुलै २०२५ मध्ये याविषयी राज्यसभेत प्रश्न आला, तेव्हा सरकारचे उत्तर होते की ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी, ८ दिवस नैमित्तिक आणि २ दिवस वैकल्पिक रजा कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येतात, त्यांत आई-वडिलांची काळजीही आली. उत्तर नियमाला धरून आहे. एवढी रजा हाताशी असलेले नोकरदार देशात थोडेच, ही अडचण त्या उत्तरापलीकडची आहे. धुणीभांडी करणारी बाई, रिक्षाचालक, घरोघर पार्सल पोहोचवणारा तरुण यांच्यासाठी रजा हा शब्दच नाही; तिथे खाडा असतो. खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले. आरोग्यकेंद्रातली लस फुकट असते, पण ती देऊन आणायला बाईला दोन घरची कामे बुडवावी लागली तर ती तिला फुकट पडत नाही.

विमा योजनांचाही रोख खाटेवर आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२४ मध्ये राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. हे मोठे पाऊल आहे आणि त्याने अनेक घरे कर्जातून वाचतील. परंतु ही कार्डे रुग्ण भरती झाल्यावर कामाला येतात. ओपीडीतल्या फेऱ्या, रोजच्या गोळ्या, नेहमीच्या तपासण्या त्यात येत नाहीत, आणि नोकरदार पालकाचे वर्ष खाऊन टाकतात त्या याच. त्या चुकल्या की आज ना उद्या भरती होण्याची वेळ येते. तेव्हा कार्ड चालते, पण तोवर नुकसान झालेले असते.

इतर देशांनी काय केले? जपानमध्ये कुटुंबातल्या प्रत्येक आजारी व्यक्तीमागे एकूण ९३ दिवसांची रजा तीन टप्प्यांत घेता येते, त्या काळात रोजगार विम्यातून वेतनाच्या ६७ टक्के रक्कम मिळते. त्याखेरीज दवाखान्यात नेण्या-आणण्यासारख्या कामांना वर्षाला पाच दिवस आहेत, काळजी घ्यायची माणसे दोन किंवा अधिक असतील तर दहा, आणि ते तासातासानेही घेता येतात. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने सदस्य देशांना वर्षाला किमान पाच दिवसांची अशी रजा देणे बंधनकारक केले. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून एक आठवडा दिला, तोही बिनपगारी. ते देश श्रीमंत आहेत आणि आपल्याआधी म्हातारे झाले, हे खरे. पण ‘काळजी घ्यायची माणसे दोन असतील तर दिवस दुप्पट’ हा जपानी नियम कळायला श्रीमंती लागत नाही. आपल्याकडच्या एकत्र राहणाऱ्या कुटुंबांना तर तो जास्तच लागू पडतो.

मालकांचे आक्षेप डावलून चालणार नाही. सात-आठ माणसांच्या वर्कशॉपमधून एक माणूस गेला तर मशीन बंद राहते. ‘आई आजारी आहे’ हे खोट्या रजेचे सर्वांत जुने कारण आहे, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच या रजेचा भार एकट्या मालकावर न टाकता विम्याच्या सामायिक निधीवर टाकावा. राज्य कामगार विम्यात मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतोच. अवलंबून कुटुंबीय भरती असताना वर्षातून काही दिवस तोच आजारपणाचा लाभ कामगाराला द्यावा. भरतीचा कागद रुग्णालयाचाच असल्याने खोटेपणाला वाव कमी. ओपीडीसाठी पूर्ण दिवसाची गरज बहुधा नसते. दोन-तीन तासांची सवलत मिळाली तर बाकीचा दिवस कामाला मिळेल. आज दोन तासांच्या कामाला अर्धी किंवा पूर्ण रजा टाकावी लागते, यात मालकाचेही नुकसानच आहे. आणि कामात मुरलेली बाई कंटाळून नोकरी सोडते, तेव्हा नवा माणूस शोधून तयार करण्याचा खर्च मालकालाच येतो.

रजेइतकेच महत्त्वाचे आहे ते हेलपाटे कमी करणे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मुंबईतल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांनी रात्री १० पर्यंत दवाखाना चालू शकतो हे दाखवले आहे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या तपासण्या अशा संध्याकाळच्या वेळेत न्याव्यात. एकाच रुग्णालयात डोळे, साखर आणि हृदय यांच्या ओपीडी वेगवेगळ्या वारी असतात. ज्येष्ठांसाठी महिन्यातून एक दिवस त्या एकत्र ठेवता येतील. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला महिन्याऐवजी तीन महिन्यांची औषधे लिहून आणि शक्य तिथे देऊन टाकावीत. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रुग्णाची संमती किंवा अधिकारपत्र असेल तर काळजी घेणारी व्यक्ती त्याच्या वतीने डॉक्टरांशी बोलू शकते. साताऱ्याच्या आईचे रिपोर्ट ठाण्यातून दाखवणारी मुलगी नियमात बसते, हे किती डॉक्टरांना आणि किती मुलींना माहीत आहे? ‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाचा उपयोग नोंदणीच्या रांगेपुरता न राहता सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका जागी दिसण्यासाठी व्हायला हवा. आणि डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या वेळा स्वच्छ मराठीत छापलेल्या असाव्यात, म्हणजे सुनेऐवजी शेजारीही रुग्णाला औषध देऊ शकेल.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. राज्य सरकार जिल्हा रुग्णालये चालवते आणि लाखो कर्मचाऱ्यांना पगारही देते. म्हणजे रुग्णाला तारीख देणारे तेच आणि त्या तारखेला सोबत जाणाऱ्याला रजा देणारेही तेच. ओपीडीच्या वेळा आणि रजेचे नियम अशी दोन्ही टोके एकाच्या हाती असण्याची ही संधी खासगी मालकाला नाही. बालसंगोपन रजा पुरुषांना बिनशर्त लागू करणे, आई-वडील आणि सासू-सासरे यांच्यासाठी तासांच्या हिशेबाने वर्षाला पाच दिवस देणे आणि दुकाने व आस्थापना कायद्यात तशीच तरतूद आणणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. घराघरांतून काळजी घेतली जाते म्हणून सरकारला खाटा, परिचारिका आणि वृद्धाश्रम यांवर कमी खर्च करावा लागतो. त्या बचतीतला काही भाग वेळेच्या रूपाने त्या घरांना परत करणे हा उपकार ठरणार नाही, ती थकलेली बाकी आहे.